फलक क्रमांक दोनवर आमचा तालुका नाही: १८२१ च्या प्रदर्शनाच्या नोंदी

२ जून

पहिला पाऊस पडला आणि फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या कौलांनी नेहमीच्या तीन जागी गळून आपली हजेरी लावली. बैठक दिवाणखान्याऐवजी सोप्यात घेतली. ठरले ते असे: आठ फलक, सभागृहाची लांब भिंत, उद्घाटन १६ सप्टेंबरला. विषय गोव्यातली १८२१ ची घटनात्मक क्रांती आणि तिचे १८३५ पर्यंतचे शेपूट. मजकुराची जबाबदारी माझ्यावर. पोर्तुगीज वाचायला सर आहेत. ब्याऐंशीव्या वर्षीही चष्मा न लावता वाचतात आणि लावला की चिडतात.

समितीने मथळा आधीच ठरवून टाकला आहे: ‘गोव्यातील पहिली लोकक्रांती’. मी म्हटले, तीनही शब्द तपासून बघू. ‘पहिली’वर तर लगेच अडतो. १७८७ चा कांदोळीचा पिंटोंचा कट त्याआधीचा. तो फुटला, धरपकड झाली आणि पुढल्या वर्षी पंधरा जणांना देहदंड दिला. अध्यक्ष म्हणाले, कट म्हणजे क्रांती नव्हे. बरोबर. मग १८२१ चे ते काय होते, हेच तर शोधायचे आहे.

९ जून

फलक १ चा कच्चा मजकूर. घटनाक्रम सरळ आहे, पण मध्ये समुद्र आहे.

२४ ऑगस्ट १८२० रोजी पोर्तो शहरात सैन्य आणि व्यापारी उठले. राजा दों जुआंव सहावा तेव्हा पोर्तुगालात नव्हताच. नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा तो दरबारासह ब्राझीलला निघाला आणि १८०८ पासून रिओ दि जानेरोत राहत होता. लोकांची तक्रार अशी की देश आमचा, राजा दुसरीकडे आणि कारभार इंग्रज सेनापतींच्या हातात. मागणी: कोर्तेस भरवा (म्हणजे संसद), घटना लिहा, राजाने ती मान्य करावी. फेब्रुवारी १८२१ मध्ये रिओत राजघराण्याने घटनेला आगाऊ मान्यता दिली. घटना अजून लिहायचीच होती! लग्नाआधीच जेवणावळ म्हणतात ती ही.

बातमी गोव्यात यायची ती आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने. पावसाळ्यात तर मांडवीचे मुख गलबतांना बंदच. म्हणून इथली तारीख वर्षभराने उशिराची: १६ सप्टेंबर १८२१. त्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द रियो पार्दु याला पदावरून काढले आणि पाच जणांचे हंगामी मंडळ बसवले.

पाच नावे सरांकडून वाचून घेतली. सेनाधिकारी आणि न्यायाधीश. एकही गावकार (गावचा मूळ हक्कदार) नाही, एकही भाटकार (जमीनमालक) नाही, इथल्या मातीतला वकील की वैद्य म्हणाल तर तोही नाही. पुन्हा ३ डिसेंबरला त्याच मंडळाला हटवून दुसरे आले. म्हणजे ‘लोकक्रांती’तला ‘लोक’ पहिल्या फलकावर सापडत नाही. अध्यक्षांना हे आज सांगितले नाही.

बाजूची एक गोष्ट टिपून ठेवतो. १८१८ ला पेशवाई गेली. पुण्यात, मुंबईत एल्फिन्स्टनचा अंमल. त्या काळात मराठी मुलखात कोणी कोणाला मत देऊन परदेशी संसदेत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. आणि इथे तीन वर्षांनी, तेरेखोलची नदी ओलांडली की अलीकडे, निवडणुकीची तयारी सुरू.

१५ जून

आजचा दिवस एका वाक्यावर गेला.

१८२२ च्या पोर्तुगीज घटनेचे विसावे कलम. पोर्तुगीज राष्ट्र म्हणजे कोणकोणता प्रदेश, याची यादी. युरोप, अमेरिका, आफ्रिका असे करत करत शेवटी आशिया. सरांनी बोट ठेवून वाचले आणि मी लिहून घेतले: ‘आशियात: सासष्टी, बार्देश, गोवा, दमण, दीव, आणि मकाव तसेच सोलोर व तिमोर बेटांवरील ठाणी.’

मी म्हटले, सर, फोंडा?

त्यांनी परत वाचले. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि कोकणीत म्हणाले, “आमचें फोंडें हांगा ना रे.”

सासष्टी, बार्देश आणि ‘गोवा’ म्हणजे तिसवाडीची बेटे: ही झाली जुनी काबिजाद, सोळाव्या शतकात घेतलेली, बहुतेक ख्रिस्ती. फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, केपे, काणकोण ही नवी काबिजाद, १७६३ ते १७८८ च्या दरम्यान हाती आलेली, बहुतेक हिंदू. घटना लिहिली तेव्हा फोंडा पोर्तुगिजांकडे येऊन जवळजवळ साठ वर्षे झाली होती. तरी लिस्बनच्या कागदावर जुने नकाशेच चालू. ‘गोवा’ या एका शब्दात सगळे आले असे कोणी म्हणेल, पण मग सासष्टी आणि बार्देश वेगळे का मोजले? आम्ही जिथे प्रदर्शन लावणार आहोत तो तालुका फलकावरच्या कलमात नाही. फलक २ वर हे कलम मोठ्या अक्षरात येणार, बाकी काही नाही. खाली नवी-जुनी काबिजाद दाखवणारा साधा नकाशा.

नाव नाही म्हणजे हक्क नाही असा निष्कर्ष मी फलकावर काढणार नाही. वाचणारे फोंड्याचेच आहेत, त्यांना कळेल काय बघायचे ते.

२८ जून

फलक ३, छापखाना.

भारतातला पहिला छापखाना गोव्यात, १५५६. याचा अभिमान सगळ्या पाहुण्यांना सांगितला जातो. पुढचे सांगत नाहीत: १७५४ मध्ये लिस्बनहून हुकूम आला आणि छपाईवर बंदी घातली गेली. त्यानंतर दोन पिढ्या गोव्यात काही छापले गेले नाही. १८२१ ला क्रांतीनंतर यंत्र आणायचे तर कुठून? मुंबईहून. २२ डिसेंबर १८२१ रोजी ‘गाझेता द गोवा’ निघाले, आठवड्याला एक. संपादक आंतोनियु जोझे द लिमा लैतांव: पोर्तुगालातल्या आल्गार्वचा माणूस, पेशाने वैद्य, इथला प्रमुख वैद्याधिकारी, आणि लॅटिन काव्याचा भाषांतरकारही. मराठीतले ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चे. म्हणजे दहा वर्षांनी आधीचे हे पत्र, पण भाषा पोर्तुगीज. वाचणारे किती, हा प्रश्न तिथेच मिटतो. कोकणी, मराठी बोलणाऱ्या माणसाला घटनेची बातमी कळायची ती चर्चच्या पायरीवर, बाजारात किंवा कुळकर्ण्याच्या तोंडून.

१८२६ मध्ये हे पत्र बंद झाले. पाच वर्षांचे आयुष्य.

हा फलक छोटा ठेवतो.

६ जुलै

चार दिवस वीज लपंडाव. डीटीपीवाल्या मुलाच्या फॉन्टमध्ये पोर्तुगीज नावातली नाकातून बोलायची अक्षरे चौकोन होऊन येतात. निर्णय: सगळी नावे देवनागरीत, मूळ लिपी कुठेच नाही. सर नाराज. मी खूश, कारण मजकूर वाचणारी निम्मी मंडळी ते चौकोन बघूनच पुढे गेली असती.

१२ जुलै

फलक ५, तीन प्रतिनिधी. जानेवारी १८२२ मध्ये निवडणूक होऊन गोव्यातून कोर्तेससाठी तिघे निवडले गेले: लिमा लैतांव, मडगावचे कोंस्तांसियु रोके द कोस्ता आणि बर्नार्दो पेरेस द सिल्वा. पहिला युरोपियन, बाकी दोघे गोंयकार.

पेरेस द सिल्वांवर थांबायला हवे. जन्म १७७५, तिसवाडीतल्या नेवऱ्याचा. वैद्य आणि शिक्षक. तिघे निघाले खरे, पण गोंयकारांना जागेवर बसायला मिळण्याआधीच १८२३ च्या मे-जूनमध्ये प्रतिक्रांती झाली आणि राजाने कोर्तेस बरखास्त केले. म्हणजे गोव्याने आयुष्यात पहिल्यांदा मते मोजली, माणसे निवडली, ती गलबतात बसली, आणि ज्या दारात जायचे ते दार बंद. १८२७ ला पेरेस पुन्हा निवडून गेले, तर १८२८ ला दों जुआंवचा धाकटा मुलगा दों मिगेल याने सत्ता बळकावली. तेव्हा इंग्लंडमधल्या प्लिमथला, तिथून ब्राझीलला. १८३२ मध्ये रिओत त्यांनी एक संवाद छापला: तत्त्वज्ञानाचा एक पंडित आणि ‘भारतातला एक पोर्तुगीज’ घटनेबद्दल बोलतात. स्वतःसाठी त्यांनी निवडलेले हे नाव मला अर्ध्या रात्री आठवत राहते. गोंयकार नव्हे, हिंदी नव्हे, भारतातला पोर्तुगीज. आजच्या चष्म्यातून बघितले तर टोचते. पण त्यांच्या हातात असलेला एकमेव कागद हक्क देत होता तो पोर्तुगीज नागरिकाला. त्याच कागदावर उभे राहून ते बरोबरी मागत होते.

२० जुलै

फलक ४ साठी निवडणुकीची पद्धत लिहून बघितली तर ती कोणाला समजेना. सरांनाही नाही. म्हणून ठरवले की करूनच बघायची. पोर्तुगालने १८२० च्या डिसेंबरात पहिली निवडणूक घेतली ती स्पेनच्या कादिझ घटनेच्या (१८१२) नमुन्यावर. तिचे नियम मी एका कागदावर मराठीत उतरवले आणि आज संध्याकाळी सभागृहात निवडणूक लावली.

नियम असे. मतदानाचे एकक म्हणजे पेरिश, एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आमच्याकडे पेरिश नाही, म्हणून देवळाचा वाडा धरला. दर दोनशे घरांमागे एक निवडकर्ता. पण तो लोकांनी थेट निवडायचा नाही. लोकांनी अकरा मध्यस्थ निवडायचे; ते अकरा बाजूला जाऊन एक निवडकर्ता ठरवणार; असे सगळ्या गावांचे निवडकर्ते जमून पुढच्या पायरीचे निवडणार; आणि ते शेवटी प्रतिनिधी. चिठ्ठी नाही, पेटी नाही. प्रत्येकाने टेबलाजवळ यायचे, अध्यक्षांसमोर आपली अकरा नावे तोंडाने सांगायची, चिटणीसाने त्याच्यादेखत ती लिहायची. स्वतःचे नाव घ्यायचे नाही. सुरुवातीला अध्यक्षाने विचारायचे, लाच किंवा संगनमत झाल्याची कोणाची तक्रार आहे का. असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, तोंडी.

बावन्न जण आले. तेवीस बायका. त्या काळात बायकांना मत नव्हते, हे सांगितल्यावर काकी म्हणाल्या, “मग बोलावलेस कशाला?” पण भराभर लिहिता येणारे अक्षर गावात त्यांचेच, म्हणून चिटणीसाच्या खुर्चीत त्या बसल्या. एकोणतीस पुरुषांची नावे त्यांनी लिहिली. स्वतःचे मत नाही.

लाचेचा प्रश्न विचारल्यावर एकजण हात वर करून म्हणाला, अध्यक्षांनी मला दुपारी सोलकढी पाजली. नोंदवून घेतले.

अकरा नावे सांगणे किती अवघड आहे हे पहिल्या माणसापासून कळले. पाच-सहा नावे भरभर येतात: डॉक्टर, देवस्थानचे अध्यक्ष, माजी सरपंच, शाळेचे हेडमास्तर. मग माणूस थांबतो, मागे वळून बघतो, जो दिसेल त्याचे नाव घेतो. दुसरे असे की नावे मोठ्याने. आमच्या भाटकारांचा नातू पहिल्याच रांगेत बसला होता. त्यांच्या भाटात काम करणारे दोघे टेबलाशी आले आणि दोघांनीही पहिले नाव त्याचे घेतले, त्याच्याकडे न बघता. खेळ होता, कुळकायदा होऊनही साठ वर्षे झाली, तरी मान खालीच. त्या क्षणी सभागृह जरा गप्प झाले.

मोजणी काकींनी केली. अकरा ठरले आणि ते पुस्तकांच्या खोलीत गेले. पंचवीस मिनिटांनी बाहेर आले ते एका नावासह: पोस्टातून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात नसलेले एक गृहस्थ. एकोणतिसांपैकी फक्त सात जणांनी त्यांचे नाव घेतले होते. कसेबसे अकरात बसले होते. झाले असे की देवस्थानवाले आणि सरपंचवाले एकमेकांचा माणूस पुढे येऊ देईनात, मग जो कोणालाच नको नव्हता तो निवडून आला. गृहस्थ स्वतः हसत होते, पण पुढच्या पायरीवर जायची वेळ आली असती तर त्यांना कोणी विचारणार होते का, हे त्यांनाही माहीत नव्हते.

कादिझच्या नियमात निवडणूक झाल्यावर निवडकर्त्याला अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या मध्ये चालवत चर्चमध्ये न्यायचे, तिथे आभाराचे स्तोत्र गायचे. आम्ही त्यांना देवळात नेले. आरतीची वेळ झालीच होती.

२१ जुलै

काल रात्री काकींची वही घेऊन बसलो. १८२२ च्या घटनेने ती पायऱ्यांची पद्धत टाकून दिली. थेट आणि गुप्त मतदान आले. म्हणजे काल पहिल्या रांगेकडे न बघता नाव घेणाऱ्या त्या दोघांना चिठ्ठी मिळाली असती. मोठी गोष्ट. पण तिच्यात मत कोणाला नाही याचीही यादी आहे. ती आमच्या बावन्न जणांवर लावून बघितली.

बायका तेवीस गेल्या, उरले एकोणतीस. पंचविशीच्या आतले सहा गेले, तेवीस. बापाच्या घरात, बापाच्या छत्राखाली राहणारे मुलगे गेले. सरकारी नोकरीत असतील तर सूट. असे आठ गेले, पंधरा. त्यात लग्न झालेले, दोन पोरे असलेले, स्वतःची गाडी चालवणारे आहेत! घरगडी म्हणून राहणारा एक गेला. उरले चौदा. पुढच्या पिढीसाठी लिहिता-वाचता येण्याची अटही घातली होती. इथे आज ती सगळे पार करतात, त्या काळी आमच्या गावात किती पार करते कोण जाणे.

बावन्नात चौदा. आणि तरी त्या काळच्या युरोपात ही उदार घटना. पैशाची, जमिनीची अट नाही. ही यादी वाचून तुच्छतेने हसावे असेही वाटत नाही. तिच्यावर बसून विचार करावा लागतो.

बायकांबद्दल एक गंमत, गंमत म्हणजे दुखरी. एप्रिल १८२२ मध्ये लिस्बनच्या कोर्तेसमध्ये ब्राझीलमधल्या बाहियाचे प्रतिनिधी दोमिंगोस बोर्जेस द बारोस यांनी सुचवले की सहा औरस मुलांच्या आईला मत द्यावे. सूचना फेटाळली. काकींना सांगितले. त्या म्हणाल्या, “माझी पाचच.”

फलक ४ वर हे सगळे येणार. बावन्न माणसांचे ठिपके आणि त्यातून गळत जाणारे. गावाचेच चित्र. समितीला पटले.

३ ऑगस्ट

फलकावर जागा नाही, पण इथे लिहून ठेवतो. मकाव तेव्हा गोव्याच्या अमलाखाली. तिथेही १८२२ मध्ये उदारमतवाद्यांनी सत्ता घेतली आणि १२ सप्टेंबरला ‘आबेल्या दा शीना’, म्हणजे ‘चीनची मधमाशी’, हे तिथले पहिले वर्तमानपत्र काढले. वर्षभराने, १८२३ मध्ये, त्यांना मोडायला ‘सालामांद्रा’ नावाची युद्धनौका गेली. कुठून? गोव्याहून. दोन वर्षांपूर्वी ज्या बंदरात घटनेच्या नावाने जयघोष झाले तिथूनच. वारा लिस्बनमध्ये फिरला की मांडवीत शिडे फिरवायची, एवढेच.

१० ऑगस्ट

फलक ६. हा लिहिताना मी तीन वेळा कागद फाडला.

१८३४ च्या मेमध्ये पोर्तुगालातले यादवी युद्ध संपले, मिगेल हरला. त्याच महिन्यात नव्या सरकारने पेरेस द सिल्वांना भारतातल्या राज्याचे प्रीफेक्ट नेमले. व्हाइसरॉय नावाचे पद काढून टाकून त्या जागी मुलकी अधिकारी बसवायचा, सैन्य वेगळे, असा नवा कायदा होता. ४५१ वर्षांच्या पोर्तुगीज अमलात या खुर्चीत बसलेला हा पहिला आणि शेवटचा गोंयकार. १४ जानेवारी १८३५ ला पदभार घेतला. जुनी खाती मोडली, माणसे बदलली. १ फेब्रुवारीला सैन्याने उठाव करून त्यांना काढले.

कोणी? इथे मिश्र रक्ताच्या, पोर्तुगीज वंशाचा अभिमान सांगणाऱ्या लष्करी घराण्यांची नावे येतात. इथेच जन्मलेली माणसे, पण अधिकाऱ्यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. नेवऱ्याचा एक वैद्य आपल्या पगाराच्या कागदावर सही करणार, हे त्यांना गिळता आले नाही. अर्थात एवढेच म्हणून सोडले तर पेरेस फार निष्कलंक दिसतात. कायदा लिस्बनचा, घाई त्यांची. सतरा दिवसांत एवढ्या जणांना दुखावणे हेही एक कौशल्यच म्हणायचे. सर याला हरकत घेतात. ते म्हणतात, शंभर दिवस दिले असते तरी हेच झाले असते.

आणि ज्यांनी त्यांना हटवले त्यांनी घटनेलाच हटवले का? नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गोव्यात निघालेल्या सरकारी पत्राचे नाव ‘क्रोनिका कोंस्तितुसियोनाल’. घटनेची बखर! दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच शब्द. शब्दावर मालकी कोणाची, हे बंदुकीने ठरले.

पेरेस मुंबईला गेले. मुंबईत तेव्हा गोंयकारांची मोठी वस्ती, आणि त्यात रोजेरियु द फारिया यांच्यासारखा चीनशी अफूचा व्यापार करणारा बडा आसामी. त्यांनी गलबते आणि माणसे जमवायला पैसा घातला. मेच्या अखेरीस मोहीम निघाली. मेच्या अखेरीस! कोकण किनाऱ्यावरचे कुठलेही पोर सांगेल की त्या दिवसांत शीड वर करू नये. वादळात मोहीम मोडली. फारियांचा पैसा बुडाला. पुढे पेरेसांची सत्ता उरली ती दमण आणि दीवपुरती, १८३७ पर्यंत.

१७ ऑगस्ट

पणजीला जाऊन आलो, छायाचित्रांसाठी. मिरामारला उतरलो तेव्हा पावसाची सर पडत होती आणि भेळवाल्याने प्लास्टिक ओढून घेतले होते.

गास्पर दियशचा किल्ला इथे होता. मांडवीच्या मुखावर, पलीकडे रेइश मागुश, दोघांच्या तोफांनी नदी बंद व्हायची. पेरेसांच्या बाजूची पलटण इथे होती. मे १८३५ च्या सुरुवातीला विरुद्ध बाजूच्या सैन्याने हल्ला करून शिबंदी कापून काढली, किल्ला जाळला. आज किल्ल्याचा दगड दिसत नाही. नाव उरले आहे ते टेनिस क्लबाच्या पाटीवर. कांपालच्या बागेपाशी एक तोफ आहे, ती इथलीच असे सांगतात. तिच्यावर दोन पोरे घोडा घोडा करत बसली होती, आई मोबाइल धरून.

मी पाटीसमोर बराच वेळ उभा होतो. दोन महिने ‘लोक’ शोधतोय. मंडळात नव्हते, वर्तमानपत्रात नव्हते, प्रतिनिधी झाले ते वैद्य आणि पंडित. घटनेसाठी अंगावर घाव घेणारी साधी माणसे सापडली ती इथे, आणि एकाचेही नाव माझ्या हातात नाही. पगारासाठी उभे राहिले होते की पेरेसांसाठी की शेजारचा उभा आहे म्हणून? फलक ७ वर किल्ल्याच्या जागेचे आजचे छायाचित्र लावतो. टेनिस कोर्टाची जाळी, मागे समुद्र. मजकूर चार ओळी.

२४ ऑगस्ट

तेरेखोल. चवथीच्या तयारीत गाव असताना मी फलक ८ घेऊन बसलो, घरी शिव्या खाल्ल्या.

हा किल्ला मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूने सिंधुदुर्ग. पेरेसांच्या बाजूने तो उभा राहिला आणि तिथेही कत्तल झाली. पर्यटनाच्या पत्रकांत ही कथा हमखास असते, खांबावर टांगलेल्या मुंडक्यांसकट. पण त्यात साल १८२५ देतात आणि पेरेसांना व्हाइसरॉय म्हणतात. १८२५ ला ते प्रीफेक्ट नव्हतेच, आणि व्हाइसरॉय तर कधीच नव्हते. कोणीतरी एकदा तीनाच्या जागी दोन टाइप केला असणार आणि बाकीच्यांनी भक्तिभावाने उतरवून घेतला. आमच्या फलकाच्या पहिल्या कच्च्या प्रतीतही १८२५ च होते. माझ्याच हातचे.

५ सप्टेंबर

मथळ्यावर अखेरची बैठक. ‘पहिली’ गेले, ‘लोक’ गेले, शेवटी ‘क्रांती’वर दोन तास. सत्तरीहून आलेला आमचा एक सभासद म्हणाला, आमच्याकडे इतिहास म्हणजे राणे घराण्याची बंडे, १८५२ चे दीपाजी राणे. या तुमच्या कोर्तेसशी आमचा काय संबंध? त्याला फलक २ दाखवला. बघितला आणि म्हणाला, “हाच संबंध. यादीत नाव नाही म्हटल्यावर माणूस दुसरे काय करणार?” इतके सरळ नसते, पण मी वाद घातला नाही.

मथळा ठरला: ‘१८२१: मत, छापखाना, पलटण’. अध्यक्षांना मिळमिळीत वाटतो. छपाईला गेला.

१६ सप्टेंबर

उद्घाटन झाले. साठेक माणसे. ठिपक्यांच्या फलकासमोर सगळ्यात गर्दी, कारण प्रत्येकाला आपला ठिपका कोणता ते हवे होते. काकींनी आपल्या ठिपक्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतला. फलक २ समोर माणसे येतात, कलम वाचतात, खालच्या नकाशावर आपला गाव शोधतात, आणि परत वर बघतात. हे मी सहा-सात वेळा पाहिले.

फलक ७ चे लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटले आहे. उद्या चिकटवायचे.

१७ सप्टेंबर

सकाळी कोपरा चिकटवायला गेलो तर निवृत्त पोस्टवाले, आमचे ‘निवडकर्ते’, फलक ६ समोर उभे. म्हणाले, हिशेब चुकलाय तुमचा. चौदा जानेवारी ते एक फेब्रुवारी, सतरा दिवस कसे?

मी म्हटले, सगळीकडे सतराच लिहितात.

भिंतीवरचे कालनिर्णय त्यांनी काढले, मागे जाऊन जानेवारीचे पान उघडले आणि खिशातली पेन्सिल घेऊन टेबलावर बसले. चौदा तारीख शपथेची, ती सोडली. एक फेब्रुवारी काढून टाकल्याची, ती सोडली. पंधरापासून एकेका चौकोनात बारीक टिंब देत गेले. मकरसंक्रांतीचा चौकोन मागे राहिला, सव्वीस जानेवारीचा लाल चौकोन मध्ये आला, त्यातही टिंब. एकतीसला थांबले आणि परत पहिल्यापासून मोजले.

“सतरा,” म्हणाले. “पूर्ण दिवस सतरा. मग ठीक आहे.”

कॅलेंडर परत खिळ्याला लावले. टिंबे तशीच आहेत.